दक्षिणेकडे

“दाजी, पाहिलंत ना? खरं सांगा, डोळ्यांनी पाहिलंत?”

झायदने मोटारसायकल बंदसुद्धा केली नव्हती. एका पायावर ती तोलून धरत तो ओरडूनच विचारत होता. हद्दू विहिरीपाशी शेळ्यांना पाणी पाजत होता. त्याने बादली खाली ठेवली.

“आधी ते धूड बंद कर. शेळ्या बिथरतायत.”

झायदने गाडी बंद केली, पण तोंड काही बंद होईना. “काल संध्याकाळी मी रिसानीच्या बाजारात, छपराखाली. नुसते दणके ऐकले. धावत बाहेर आलो तर धुराची विस्कटलेली रेघ तेवढी शिल्लक. आख्खं आयुष्य मान वर करून काढलं, आणि नेमका काल मी खाली बघून कांदे निवडत होतो!”

हद्दूला हसू आलं. झायद म्हणजे त्याच्या बायकोचा, फादमाचा, धाकटा भाऊ. ताझरूत गावात त्याला सगळे ‘मंगळवाला’ म्हणत. मंगळावरच्या गाडीने आज कुठला खडक कोरला, कुणाचं यान चंद्रावर अलगद उतरलं आणि कुणाचं आपटलं, हे तो चहाच्या दुकानात अशा जिव्हाळ्याने सांगे की ती यानं म्हणजे त्याचीच परगावी गेलेली भाचरं वाटावीत. “त्यांना तिकडून मूठभर दगड आणायचे तर जन्म जायचा,” तो म्हणे, “आणि आपल्या दारात आकाश आपण होऊन टाकून जातंय. आपण फक्त वाकायचं.”

वाकायचं कसं, ते मात्र त्याला हद्दूने शिकवलं होतं. हमादाच्या पठारावर नजर पोचेल तिथवर दगडच दगड. त्यातला वरून पडलेला कुठला, हे हद्दू उंटाच्या चालीने चालता चालता ओळखायचा. झायद पोरसवदा असताना त्याच्या मागून चालायला लागला आणि बघता बघता पुढे गेला. दोन उन्हाळ्यांपूर्वी दोघांना मिळून एक दगड सापडला. झायदने त्यातला चांगला अर्धा तुकडा कॅसाब्लांकाच्या विद्यापीठातल्या एका बाईंकडे अभ्यासासाठी पाठवून दिला. बाईंनी त्यावर लिहिलं, त्यात झायदचं नाव आलं, फोटो आला. तेव्हापासून एरफूदचे व्यापारी गावात आले की हद्दूलाच विचारायचे, “मंगळवाल्याचं घर कुठलं हो?” आणि हद्दू त्यांना घर दाखवायचा.

“कुठल्या अंगाला गेला, दाजी?”

हद्दूने तो नीट पाहिला होता. हिरवट आगीचा गोळा पश्चिमेला, कोरड्या नदीपलीकडे विझला होता आणि मग जमीन हादरावी तसे दणके आले होते. त्याने हात वर केला. तो हात पश्चिमेकडे वळायचा. वळला दक्षिणेकडे. पुढे त्याने हा क्षण हजारदा आठवून पाहिला. कुणी ढकललं नव्हतं, सैतानाने कानात काही सांगितलं नव्हतं. हात त्यानेच वळवला होता.

“तिकडे? सरहद्दीकडे?” झायदने भुवया वर केल्या. “वाळूच्या अलीकडे की पलीकडे?”

“अलीकडेच. काळ्या टेकाडांच्या पायथ्याशी.” खोट्याला एकदा तोंड फुटलं की हातपाय फुटायला वेळ लागत नाही.

“तुम्ही येताय?”

“शेळ्या कोण बघणार, तुझी ती गाडी मंगळावरून येणार का बघायला? तू हो पुढे.”

झायद खो खो हसला. गाडीला लाथ मारत म्हणाला, “मला एकट्याला मिळाला तरी अर्धा तुमचा, बरं का!”

त्याच सकाळी शेळ्या फादमाच्या गळ्यात घालून हद्दू पश्चिमेला गेला. फार शोधावंच लागलं नाही. फिकट मातीवर तो दगड नुकत्याच सांडलेल्या डांबरासारखा चकाकत होता. मुठीएवढा, अंगावर अंड्याच्या टरफलाइतकी पातळ काळी साल, एका कडेला टवका उडालेला आणि आत फिकट राखाडी रंग. हद्दूने लोहचुंबक लावून पाहिलं. धरेना. साधा उल्कादगड असता तर धरलं असतं. असला दगड त्याने जन्मात पाहिला नव्हता. त्याला वाटलं होतं, आपण नाचू. पण त्याने आधी मागे वळून पाहिलं, कुणी बघत नाही ना म्हणून. आनंदाच्या आधी चोराची नजर आली, ती तिथून पुढे त्याच्याकडेच राहिली.

घरी येऊन त्याने दगड फडक्यात गुंडाळून जवाच्या पोत्यात खाली खुपसला. झायद आला की काय सांगायचं, ते त्याने ठरवून ठेवलं होतं. दिवे लागले, झायद आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सासू दारात उभी राहिली. इज्जाअम्माचे हात पिठाने भरलेले होते. भाकरी थापता थापता ती तशीच उठून आली होती.

“जावईबापू, माझा पोरगा परतला नाही.”

विहिरीपाशी गावातले पुरुष गोळा झाले. एव्हाना आसपासच्या गावांतले लोक गाड्या भरभरून पश्चिमेला लोटले होते. “तोही तिकडेच असणार,” बास्सू म्हणाला. हा गावातला सगळ्यांत वडीलधारा माणूस. “आकाशातून काही पडलं नि मंगळवाला तिथं नाही, असं होईल का?”

हद्दूने तोंड उघडलं. “दक्षिणेला,” एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण त्याच्या मागोमाग ‘तुला कसं ठाऊक?’ येणार, आणि त्याच्या मागोमाग बाकीचं सगळं. त्याने तोंड मिटलं आणि सगळ्यांबरोबर पश्चिमेला निघाला. झायद जिथे नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तिथे तो घसा फोडून त्याला हाका मारत राहिला. ऊन डोक्यावर आलं. हाका मारता मारता त्याचा आवाज एकाएकी बसला, आणि बसलेल्या आवाजातच तो म्हणाला, “मी दक्षिणेकडे बघून येतो.”

“तिकडे काय आहे, भुतं?” बास्सू म्हणाला.

“तरी बघतो.”

झायद काळ्या टेकाडांपाशी सापडला, एका घळीच्या तोंडाशी. गाडी आडवी पडली होती. तो सरपटत सरपटत बाभळीच्या सावलीला आला होता. डावी नडगी मोडली होती आणि तिच्यावर त्याने आपलाच फेटा करकचून बांधला होता. खालचं पाऊल काळंनिळं झालं होतं. हद्दूने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओठांना पाणी लावलं. बऱ्याच वेळाने झायदने डोळे उघडले.

“नाही सापडला, दाजी,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात खरीखुरी शरम होती. “दुपारपर्यंत परत फिरणार होतो. मग म्हटलं, दाजींनी सांगितलंय म्हणजे असणारच. आपलीच नजर कमी पडतेय. म्हणून पुन्हा पहिल्यापासून...”

“बोलू नको. पाणी पी.”

“घळीत उतरायला नको होतं मी.”

जिल्ह्याच्या इस्पितळात डॉक्टरांनी गुडघ्याखाली पाय कापला. “थोडं आधी आणायला हवं होतं,” ते म्हणाले. रागाने नाही, हात धुता धुता सहज म्हणाले. हद्दूने मनातल्या मनात पश्चिमेकडची ती सकाळ पुन्हा चालून पाहिली.

गावाने त्याला डोक्यावर घेतलं. सगळे एका दिशेला धावत असताना हा एकटा दुसरीकडे गेला! बास्सूने चारचौघांत त्याच्या खांद्याचं चुंबन घेतलं. “आतून कौल मिळतो एखाद्याला,” तो म्हणाला. “अल्ला ज्याला निवडतो त्यालाच मिळतो.” इज्जाअम्माने त्याचे दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. म्हातारीचे डोळे ओले होते. ते ओले झालेले हात घेऊन हद्दू कितीतरी वेळ तसाच बसून राहिला. कपड्याला पुसायचं धाडस त्याला होईना.

इस्पितळात भेटायला गेला तेव्हा झायदने त्याला जवळ बोलावलं.

“दाजी, कळलं मला, तो पश्चिमेला पडला म्हणे. गोंदलेल्या हनुवटीची एक म्हातारी आली होती वॉर्डात, तिच्या पुतण्याला बोराएवढे तुकडे मिळाले.”

हद्दूने पिशवीतून संत्रं काढलं.

“तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” झायद हळूच म्हणाला. “तिन्हीसांजेला दिशा फसते. भल्याभल्यांची फसते. आणि हे बघा, तुम्ही मला जागा सांगितली होती हे मी कुणाला बोललो नाहीये. अम्मालाही नाही. लोकांच्या जिभेला हाड नसतं, उगीच तुम्हाला बोल लावतील.”

हद्दूने झायदला संत्रं सोलून दिलं. एकेक फोड, दोरे काढून.

झायद घरी आला त्या आठवड्यात फादमाने जवाचं पोतं उपसलं. हद्दू बाहेरून आला तेव्हा ती चुलीपाशी बसली होती, समोर फडकं उलगडलेलं.

“अहो, हा कुठला?”

नवरा-बायकोच्या संसारात खोटं बोलायच्या हजार जागा असतात, पण हद्दूला त्या घडीला एकही सापडली नाही. त्याने सगळं सांगितलं. फादमा ओरडली नाही, रडली नाही. चुलीत वाळकं काटूक सरकवत तिने एवढंच विचारलं, “त्याने तुमचं काय घेतलं होतं?”

“काही नाही.”

“मग?”

‘मंगळवाल्याचं घर कुठलं हो’ हे उत्तर तोंडातून काढण्याजोगं नव्हतं.

“मी सांगणार नाही त्याला,” फादमा म्हणाली. “माझ्या भावाला मी काय तोंडाने सांगू? तुम्ही उठा.”

झायद खाटेवर उशीला टेकून बसला होता. फोनवर तो मंगळाचं चित्र बघत होता, लालसर माळ आणि त्यावर चाकांच्या दोन रेघा. “या दाजी! हे बघा, आपल्या हमादासारखंच की नाही? फक्त एक बाभूळ कमी.”

हद्दूने फडकं खाटेवर ठेवलं आणि उलगडलं.

झायद बोलता बोलता थांबला. त्याने दगड उचलला. बोटाने साल चाचपली, टवका उडालेल्या जागी डोळा नेला, नाकाशी धरला. उशीखालून लोहचुंबक काढून लावलं. ते चिकटलं नाही. एखाद्या बापाने पहिलं मूल उचलून घ्यावं तसं त्याने तो ओंजळीत धरला.

“दाजी, हा... हा तिकडचा असेल. मंगळाचा. या अल्ला, कुठं मिळाला?”

“पश्चिमेला.”

“कधी?”

“तू दक्षिणेला निघालास त्या सकाळी.” हद्दूने मान खाली घातली नाही. तेवढं तरी आपण करायचं, असं तो वाटेत ठरवून आला होता. “माझी दिशा फसली नव्हती, झायद. मी नीट पाहिलं होतं.”

बाहेर अंगणात इज्जाअम्मा कोंबड्यांना हाकलत होती. झायदने दगडाकडे पाहिलं, मग पांघरुणाकडे, जिथे ते एका बाजूला सपाट होत होतं. त्याने विचारलं, “आणि दुसऱ्या दिवशी? सगळ्यांबरोबर तुम्हीही आधी पश्चिमेलाच गेलात?”

“हो.”

“हाका मारल्यात?”

“मारल्या.”

झायदने मान हलवली, अवघड हिशेब एकदाचा जुळल्यासारखी. मग त्याने फोन उचलला आणि विद्यापीठातल्या बाईंना लावला. आवाज स्थिर होता. बाई, एक दगड आलाय, ताजा, पूर्ण पाठवतो. चुंबक धरत नाही. हो, मलाही तेच वाटतंय. कुणाला सापडला, असं बाईंनी विचारलं असावं, कारण झायद थांबला.

“तुझंच नाव सांग,” हद्दू घाईघाईने कुजबुजला. “झायद, तुझं सांग. तो तुझाच आहे.”

झायदने फोनवर हात ठेवला.

“माझं कसं सांगू?” तो म्हणाला. “मी तर दक्षिणेला होतो.”

मग फोनमध्ये त्याने हद्दूचं नाव सांगितलं. सगळं, बापाच्या आणि कुळाच्या नावासकट, बाईंना नीट लिहून घेता यावं म्हणून सावकाश. फोन ठेवल्यावर तो भिंतीकडे वळला.

“हद्दू,” तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने कधी असं नावाने हाक मारली नव्हती. “जाताना दार लोटून घ्या. कोंबड्या आत येतात.”

दगड मंगळाचाच निघाला. निरोप आधी झायदकडे आला, त्याने तो फादमाकडे दिला आणि फादमाने हद्दूला सांगितला, पाणी भरायला निघता निघता. चहाच्या दुकानात लोकांनी हद्दूच्या पाठीवर थापा मारल्या. मेव्हण्याचा जीव वाचवला आणि वर मंगळही मिळवला, एकाच वर्षात! एरफूदचे व्यापारी आता ‘हद्दूचं घर कुठलं’ असं विचारत यायचे. तो दगड शोधायला जात नाही म्हटल्यावर त्यांना वाटायचं, हा भाव वाढवतोय.

झायदने आईला काही सांगितलं नाही. का, ते त्याने कुणालाच सांगितलं नाही. कदाचित म्हातारीचा एक तरी विश्वास शाबूत राहावा म्हणून असेल. कदाचित हद्दूला सोपं जाऊ नये म्हणून असेल. हद्दूला दोन्ही पटायचं.

इज्जाअम्मा दर शुक्रवारी मदफूना करते. कांदा, खिमा, बदाम भरलेली जाड भाकरी, तापल्या दगडांवर भाजलेली. पहिली भाकरी ती मुलालाही देत नाही. गुडघे दुखत असले तरी फडक्याखाली झाकून स्वतः घेऊन येते. “माझ्या जावयासाठी,” ती म्हणते. “घास संपल्याशिवाय मी हलायची नाही.” आणि समोर बसते.

फादमा ताट मांडते आणि शेळ्यांकडे निघून जाते. हद्दू भाकरीचा तुकडा मोडतो. आतून वाफ येते. म्हातारी त्याच्या तोंडाकडे बघत असते, चव बरी झालीय का ते वाचायला. तो चावतो, गिळतो, मान डोलावतो आणि पुढचा तुकडा मोडतो.