गवताचं पातं न् पातं

बाबांनी व्हिडिओ गेममधली पाचवी पेनल्टीही अडवली, कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि चहाचा कप उचलला.

"म्हणजे डोळ्याचं ऑपरेशन पुन्हा लांबलं."

चिरंजीव चाळिशीला टेकले होते, पण हरल्यावर पाय आपटायची सवय सुटली नव्हती. पैज बाबांचीच: पाचांतला एक तरी गोल मार, मग मोतीबिंदू काढून घेतो. ऑपरेशनची भीती वाटते हे ते मेले तरी कबूल करणार नव्हते. गेल्याच आठवड्यात त्यांनी फाटकाच्या खांबाला शेजारी समजून नमस्कार केला होता, आणि उत्तर आलं नाही म्हणून शेजाऱ्यांशी अबोला धरला होता.

"ज्याला खांब ओळखू येत नाही, त्याला चेंडू कसा दिसतो?" चिरंजीवांनी स्वयंपाकघरात बायकोला विचारलं.

"तूच सांग."

"कन्सोल जुना, चित्र पुसट. पुसट चित्रात आंधळा आणि डोळस सारखेच. आपल्याला फोर के हवं."

"दिसत नाही त्यांना, आणि टीव्ही बदलणार तू?"

"मला नीट दिसलं की मी जिंकेन. शास्त्र आहे हे."

शास्त्रापुढे बायकोने हात टेकले. नवा कन्सोल आला, त्याला शोभेलसा टीव्ही आला आणि जागा पुरेना म्हणून कपाट बेडरूममध्ये गेलं.

"चित्र छान आहे," बाबा येऊन बसताच म्हणाले. टीव्ही अजून लावायचा होता.

दुकानदार म्हणाला होता, गवताचं पातं न् पातं दिसेल. दिसलं. गोलकीपरच्या हातमोज्यांची शिवण दिसली. तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकाची जांभई दिसली. पाचही चेंडू अडवले गेले, तेही अगदी स्पष्ट दिसलं.

कपड्यांच्या घड्या घालणारी बायको मात्र टीव्हीकडे नाही, सोफ्याकडे बघत होती. ती आत गेली आणि एक मास्क घेऊन आली.

"हा लाव. सर्दी झालीये तुला."

"मला?"

"झालीये."

चिरंजीवांनी निमूटपणे लावला. बाबा उगीचच खाकरले. मग प्रथमच मान वळवून, डोळे बारीक करून टीव्हीकडे बघू लागले. चेंडू डावीकडे गेला, गोलकीपर उजवीकडे.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "घरभेदी आहेस गं तू."

"हो बाबा. सोमवारी सकाळी निघायचंय."

"फोर के!" चिरंजीव मास्कमधून ओरडले. "सांगत होतो ना!"

ऑपरेशन चालू असताना, बाहेरच्या बाकावर बायकोने सांगून टाकलं. "डावीकडे मारताना तुझी जीभ डावीकडे बाहेर येते. उजवीकडे मारताना उजवीकडे. बाबा टीव्ही बघतच नव्हते."

चिरंजीवांनी ओठांवरून हात फिरवून जीभ आत असल्याची खात्री केली.

ऑपरेशननंतर मात्र बाबा टीव्हीच बघू लागले. गवत बघत, प्रेक्षक बघत, आणि गोलामागून गोल खात.

"वय झालं," एकदा ते कंट्रोलर बाजूला ठेवत म्हणाले. "तू खेळ एकटाच."

"एकच डाव, बाबा."

चिरंजीव जरा जवळ सरकले. नेम डावीकडे धरला आणि जीभ डावीकडे काढली. बाबांची नजर गवतातच. चिरंजीव खाकरले आणि जीभ आणखी लांब काढली.

बाबांनी हळूच मान वळवली. मुलाचा चेहरा निवांत न्याहाळला. चेंडू डावीकडे गेला, गोलकीपर मुद्दाम उजवीकडे.

"जीभ आत घे," ते म्हणाले. "फोर केमध्ये दिसतेय ती आता. हं, मार पुढचा."