चौदा चाली

पट्टी खाली गेली आणि तशीच वर आली. सूर उमटला नाही.

“हा अकरावा,” माधव खांबेटे म्हणाले आणि लॅपटॉपवरचं बटण दाबून त्यांनी पियानो थांबवला. “एका चालीत अकरा सूर मुके. अहो ओव्हाळ, जो सूर वाजतच नाही, त्याला फाइलीत ठेवून काय करायचं? त्याची पेन्शन चालू आहे का?”

कचरू ओव्हाळ हसले नाहीत. ते वाकून पियानोच्या आत बघत होते. सदाशिव पेठेतल्या या तळमजल्यावरच्या खोलीत ते तिसऱ्यांदा आले होते, तरी माणसावाचून खालीवर होणाऱ्या पट्ट्यांवरून त्यांची नजर हटत नव्हती. खांबेट्यांनी निवृत्तीनंतर कॅम्पातून एक जुना पियानो आणला होता आणि त्याच्या प्रत्येक पट्टीला एकेक विद्युतचुंबक जोडला होता. फाइलीत लिहिलं असेल तशी पट्टी हलायची, हातोडी तारेवर पडायची. असे आपोआप वाजणारे पियानो जगभर हौशी लोकांच्या घरी आहेत. त्यांच्यासाठी खांबेटे लोकांची वादनं साफसूफ करून आपल्या संकेतस्थळावर ठेवायचे. कोणीही उतरवून घ्यावीत आणि आपल्या पियानोवर वाजवावीत.

ओव्हाळ टेलिफोन खात्यातले. छत्तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये मेकॅनिक होते. संगीतातलं त्यांना काही कळत नव्हतं. वाजवायची ती त्यांची बायको, नंदा. मिशनच्या वसतिगृहात राहून ती पियानो शिकली आणि पुढे त्याच शाळेत शिक्षिका होऊन तीस वर्षं सकाळच्या प्रार्थनेला वाजवत राहिली. तिचे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. जयंतीला, लग्नाकार्याला वस्तीवस्तीत त्यांचा कार्यक्रम असायचा. त्यांच्या चाली कुठे लिहिलेल्या नव्हत्या. ज्या वस्तीत चाल पहिल्यांदा वाजली तिचंच नाव चालीला. दापोडीची, येरवड्याची, ताडीवाला रोडची. नंदानं अशा चौदा चाली पियानोसाठी बसवल्या आणि घरातल्या मोठ्या कीबोर्डवर वाजवून पेन ड्राइव्हमध्ये भरून ठेवल्या. “या माझ्याबरोबर जायला नकोत,” एवढंच ती शेवटी म्हणाली होती. तिला जाऊन वर्ष उलटलं होतं.

“असं का होतं?” ओव्हाळांनी विचारलं.

“कीबोर्ड आवाज साठवत नाही. कोणती पट्टी, कधी, किती जोरात, एवढंच साठवतो. जोराचा आकडा एक ते एकशे सत्तावीस. तुमच्या बाईंचे हे सूर दहा-बाराचे आहेत. कीबोर्डला काय, तो दहालाही कुजबुजतो. इथे खरी हातोडी आहे. तेवढ्या जोरात ती तारेपर्यंत पोचत नाही.”

“मग?”

“मग काय, सगळे सरसकट पंचेचाळीसवर आणायचे. दोन मिनिटांचं काम. शाळेत प्रार्थना वाजवणाऱ्यांचा हात असाच असतो, जरा ढिला.”

“तिचा हात ढिला नव्हता,” ओव्हाळ म्हणाले.

“मग हे काय आहे?”

“ते बघायला लागेल. मला सगळे आकडे छापून द्या. तारखांसकट.”

खांबेट्यांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. “छापतो. पण मुके सूर असलेली फाइल मी चढवत नाही. वाजवणारा कोणीही असो.”

विश्रांतवाडीच्या घरी येऊन ओव्हाळांनी कागद जेवणाच्या टेबलावर पसरले. एकाच लाइनवर तीच तक्रार पुन्हा पुन्हा आली, की लगेच हत्यार उचलायचं नाही, आधी तक्रारी तारखेनं मांडायच्या, ही त्यांची एक्स्चेंजमधली सवय. त्यांनी रेघा मारून चौदा रकाने केले. फेब्रुवारीत भरलेल्या तीन चालींत एकही मुका सूर नव्हता. एप्रिलमध्ये दोन होते. जूनमधल्या येरवड्याच्या चालीत अकरा. ऑगस्टमधल्या चालींत मात्र पुन्हा कमी झाले होते. हे काही त्यांना उमजेना. बिघाड एकदा लागला की वाढत जातो, असा मध्येच कमी होत नाही.

मग त्यांनी कपाटातून नंदाच्या वह्या काढल्या. त्यातली पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना वाचता येत नव्हती, पण ठिपके मोजता येत होते. कितवा सूर मुका ते कागदावरून बघायचं आणि वहीत वरच्या ओळीतला तितकावा ठिपका शोधायचा. दोन दिवस ते हेच करत होते. प्रत्येक ठिपक्यावर पेन्सिलीनं एक ते पाच यांतला एक आकडा होता. तो कोणत्या बोटानं वाजवायचा त्याचा. अंगठा एक, करंगळी पाच. येरवड्याच्या चालीतले अकराच्या अकरा मुके सूर उजव्या हाताच्या चारच्या, म्हणजे अनामिकेच्या, आकड्याखाली निघाले.

आणि ऑगस्टच्या पानांवर चार खोडून तीन केला होता. इतक्या वेळा खोडला होता, की काही ठिकाणी कागद विरला होता.

नंदाचा आजार मज्जातंतूंचा होता. त्या वर्षी दिवाळीत तिच्या हातून कप पडला, म्हणून ते तिला डॉक्टरकडे घेऊन गेले होते. दुखणं तेव्हापासूनचं, असंच ते सगळ्यांना सांगत आले होते.

त्यांना ऑक्टोबरमधली दुपार आठवली. ते मिक्सर उघडून बसले होते आणि आतल्या खोलीत नंदा वाजवत होती. “आज एकाच हातानं?” त्यांनी विचारलं होतं. “डावा मागे पडलाय,” ती म्हणाली होती, “त्याला वळण लावतेय.” आणि ते पुन्हा मिक्सरकडे वळले होते.

त्यांनी मुलीला फोन लावला. अक्षता खराडीला ऑफिसात होती.

“तुझ्या आईचा हात एप्रिलपासून जात होता. तुला माहीत होतं?”

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. “जूनमध्ये सांगितलं तिनं मला. शपथ घातली होती, बाबा.”

“मला का नाही सांगितलं?”

“तुम्ही सगळं सोडून तपासण्यांच्या मागे लागला असता. कीबोर्डला हात लावू दिला नसता. तिच्या पाच चाली राहिल्या होत्या. मी डॉक्टरांना विचारलंय. सहा महिने आधी नेलं असतं तरी फरक पडला नसता म्हणाले. खरंच विचारलंय.”

“हं.”

“रागावलात का?”

“छत्तीस वर्षं लोकांच्या लाइनचे दोष शोधले मी,” ओव्हाळ म्हणाले. “जेवलीस का तू?”

रविवारी ते वह्या आणि कागद घेऊन पुन्हा पेठेत गेले.

“पंचेचाळीस नको,” बसायच्या आधीच ते म्हणाले. “तिच्या कीबोर्डवर हे सूर वाजत होते. बारीक, पण तिला ऐकू येत होते. तेवढेच इथे वाजायला हवेत. कमीत कमी किती आकड्याला हातोडी तारेला लागते, तो प्रत्येक पट्टीचा आकडा काढू.”

“प्रत्येक पट्टीचा? अठ्ठ्याऐंशी आहेत.”

“लागतील तेवढ्याच. मला वेळ आहे.”

खांबेटे काही बोलणार होते, पण त्यांनी वही उघडली होती. त्यांना ती लिपी येत होती. ते पानं उलटत गेले, ऑगस्टपाशी थांबले, खोडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला, मग शेजारच्या कागदावरच्या तारखा पाहिल्या. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला.

“ढिला म्हणालो होतो मी,” ते म्हणाले. “चूक होती ती. सांगा, कोणती पट्टी आधी?”

तीन रविवार गेले. एका पट्टीला एकोणीस लागत, तिच्या शेजारचीला चोवीस. ओव्हाळ पियानोला कान लावून बसत आणि आवाज आला की बोट वर करत. खांबेटे आकडा चढवत.

“एक्स्चेंजमध्येही असेच बसायचात?”

“तिथे उभं राहावं लागायचं.”

“सरकारी खात्यात उभं राहणारा माणूस मी पहिल्यांदाच बघतोय,” खांबेटे म्हणाले आणि आतून दोन कप चहा घेऊन आले.

तेरा चाली झाल्या. येरवड्याची वाजली तेव्हा अकराही सूर आले, अगदी बारीक, बाजूच्या सुरांच्या मागे उभे राहिल्यासारखे. खांबेट्यांनी ती दोनदा ऐकली आणि कुठेही बोट ठेवलं नाही.

मग त्यांनी चौदावी लावली. ताडीवाला रोडची.

पियानोच्या डाव्या अंगाच्या पट्ट्या हलू लागल्या. चालही तिथेच होती आणि तिचा ठेकाही. खालच्या सुरांवरून एक बोट मध्येच वर झेपावून चाल पकडत होतं आणि पुन्हा खाली ठेक्यावर येत होतं. एकही सूर मुका नव्हता. खांबेटे पुढे सरकून बसले.

“एका हातात दोन्ही कामं,” ते हळूच म्हणाले. “हे कधी बसवलं त्यांनी?”

“मी मिक्सर दुरुस्त करत होतो तेव्हा.”

चाल संपली. खांबेट्यांनी संकेतस्थळाचं पान उघडलं. चालीचं नाव लिहिलं, वादक म्हणून नंदा ओव्हाळ लिहिलं, मूळ चालीसमोर तिच्या वडिलांचं नाव विचारून लिहिलं. खाली टीप लिहायची जागा होती.

“इथे काय लिहू? लोक विचारतील, उजवा हात राहिला की काय म्हणून. आजारपणाचं लिहायचं का?”

ओव्हाळांनी नंदाची वही मिटली.

“नको,” ते म्हणाले. “डाव्या हातासाठी बसवलेली चाल, असं लिहा.”

खांबेट्यांनी तसं लिहिलं. फाइल चढायला लागली, तशी त्यांनी न विचारताच चाल पुन्हा लावली. ओव्हाळ खुर्ची ओढून पियानोसमोर बसले. उजव्या अंगाच्या पट्ट्या शेवटपर्यंत जागच्या हलल्या नाहीत.