भिजलेला अंबाडा

"लुगडं कापा, सोडत बसू नका," नर्स गोदावरीबाई दवाखान्यातल्या आयेला म्हणाल्या.

मोहोळहून मालट्रकमधून आणलेली रंभा खाटेवर घामानं थबथबली होती. तोंडाला फेस, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या, अंगाला लसणासारखा उग्र वास. ज्वारीवर मावा पडला म्हणून तिचा नवरा बाळासो फवारणी करत होता आणि ती पाण्यात कालवलेलं औषध घागरीनं डोक्यावरून पोचवत होती. घागर हिंदकळून औषध डोक्यावरून सांडलं, ते अंगावरच वाळलं. सासू बजाबाई हे पुन्हा पुन्हा सांगत होती.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. पण हे विष कातडीतूनही भिनतं. धुऊन काढलं नाही तर इंजेक्शन पुरं पडत नाही, हे गोदावरीबाईंनी दोन-तीन हंगामांत पाहिलं होतं. त्यांनी मान, पाठ, नखं साबणानं घासली. मग हात अंबाड्याकडे गेला.

बजाबाईनं त्यांचं मनगट धरलं.

"तेवढं नगा सोडू, बाई. तिचा नवरा जिता हाय." तिची नजर गोदावरीबाईंच्या मोकळ्या कपाळावर होती. "तुमच्या हातानं तर नगंच."

मग तुम्ही सोडा, एवढंच म्हणायचं होतं. ते का सुचलं नाही, हे त्यांना पुढेही कधी सांगता आलं नाही. एकोणिसाव्या वर्षापासून लोकांच्या हळदीकुंकवाला त्या दाराबाहेर थांबत आल्या होत्या. हात आपोआप मागे आला. ओला बोळा त्यांनी केसांवरून वरवर फिरवला.

रात्री अकराच्या सुमारास इंजेक्शन लागू पडलं; रंभाच्या बाहुल्या मोठ्या झाल्या, तोंड कोरडं पडलं. तिनं पाणी मागितलं, घरच्या म्हशीची धार कुणी काढली ते विचारलं.

"म्हस मेली न्हाय तुझ्यावाचून," बजाबाई म्हणाली. "आता पंधरा दिस बसून खा. मी घालते भाकरी." आणि पदरानं डोळे पुसून तिनं गोदावरीबाईंसाठी बाहेरून चहा मागवला.

पहाटे तीन वाजता रंभाला पुन्हा दरदरून घाम सुटला. बाहुल्या बारीक झाल्या, छाती घरघरू लागली. डॉक्टरांनी इंजेक्शन भरता भरता विचारलं, डोकं धुतलं होतं का?

"नाही," गोदावरीबाई म्हणाल्या.

या वेळी त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही. अंबाडा सुटला, तो आतून अजून औषधानं ओला होता. त्यांनी तीनदा साबण लावला. बजाबाई तांब्यानं पाणी ओतत राहिली. साडेचारला रंभा गेली.

बाळासो बाहेर पायरीवर बसला होता. त्याला सांगायला डॉक्टर गेले. पोलिसांचे कागद व्हायला वेळ होता. बजाबाईनं पिशवीतून फणी काढली आणि सुनेच्या उशाशी बसली. भांग काही सरळ पडेना. दोनदा फणी हातातून गळाली. तिनं ती उचलून गोदावरीबाईंपुढे धरली.

"माझा हात चालंना. तुमीच घाला अंबाडा, बाई."

गोदावरीबाईंनी फणी घेतली. केस ओढले जाऊ नयेत म्हणून मुळाशी मूठ धरली आणि गुंता टोकाकडून सोडवायला घेतला.