दोनदा ‘नाही’ म्हणायची सोय

मामाने शब्द दिला तेव्हा मी तिथेच, लाकूड कातायच्या लेथशेजारच्या स्टुलावर बसले होते. झरक्याहून हाजी मिफ्लेह लेथ विकत घ्यायला आले होते. त्यांनी लेथवर हात फिरवला, ते चालू करून कान देऊन ऐकलं, दोन कप कॉफी घेतली. ते निघताना मामा म्हणाला, “पुढच्या गुरुवारी दुपारी बारापर्यंत वेबसाइटवरून माझ्या पन्नास ‘अमीना’ कोरण्या गेल्या, तर लेथ इथेच राहील. एक जरी कमी पडली तरी ते तुमचं.”

“मी पिकअप घेऊनच येतो, अबू नायेल,” हाजी म्हणाले. “वेबसाइटवरून कोणी कोरणी घेतं का?”

लेथ आजोबांचं. इरबिदच्या जुन्या बाजारात मामाने त्यावर चौतीस वर्षं लाटणी, मुसळं आणि मामूलचे, म्हणजे खजूर भरलेल्या बिस्किटांचे, साचे केले. मग प्लॅस्टिकचे साचे आले आणि लेथवर चादर पडली. अमीना हा मामाचा गेल्या हिवाळ्यातला शोध. कूसा कोरताना, म्हणजे मुठीत मावेल अशा कोवळ्या दुधीचा गर काढताना, पातं बुडातून आरपार जातं. मग शिजताना त्यात भरलेला तांदूळ सांडतो, रस्सा गढूळ होतो आणि पाहुण्यांना कळतं की या घरातल्या बाईचा हात जड आहे. अमीनाच्या पात्यावर मामाने एक सरकती कडी बसवली होती. कूशाच्या लांबीपेक्षा थोडी अलीकडे ती घट्ट केली, की पातं तिथेच थांबतं. मी स्वतः शंभर कूसे कोरून पाहिले. फुटले शून्य. साध्या कोरणीने माझे शंभरातले बावीस फुटतात.

म्हणजे वस्तूत खोट नव्हती. खोट वेबसाइटमध्ये होती, आणि ती मी बनवली होती.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे, नोकरी अजून लागायची आहे, तोवर मामा मला ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणून चिडवतो. पहिल्या दिवशी मी आकडे काढले. साइटवर आले दोनशे बारा. ‘मला हवी’ हे बटण दाबलं अडतीस जणांनी. नाव लिहिलं शून्य जणांनी.

“लोकांना आळस,” मामा म्हणाला.

“आळशी माणूस बटणसुद्धा दाबत नाही, मामा. फोटो उघडायला वेळ लागतोय.”

आईच्या जुन्या फोनवर पान उघडायला एकोणीस सेकंद लागत होते. मी फोटो हलके केले, वेळ दोन सेकंदांवर आणली. मामाच्या कवितेसारख्या वर्णनातल्या अकरा ओळी काढल्या. (“ती ओळ ठेव ना, ‘पतिव्रतेसारखी मर्यादेत राहणारी’!” “मुळीच नाही.”) वर एक छोटा व्हिडिओ टाकला: मामाचे जाडजूड हात आणि एका मिनिटात कोरलेले सहा कूसे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या उम्म सुहैबमावशींनी तो बायकांच्या स्वयंपाकाच्या ग्रुपवर पाठवला. दुसऱ्या दिवशी साइटवर तीनशे चाळीस जणी आल्या. एकसष्ट जणींनी बटण दाबलं. नाव पुन्हा एकीनेही लिहिलं नाही.

“आता लोक लवकर येतात आणि लवकर जातात,” मामा म्हणाला. “प्रगती आहे.”

सहा दिवस उरले होते. मी बटणाचा रंग बदलला, अक्षरं मोठी केली, नावाची चौकट वर घेतली. शून्य ते शून्यच. तिसऱ्या दिवशी मला उशिरा सुचलं, की नुसते आकडे बघत बसण्याऐवजी एक तरी माणूस बघावा. मी जिना चढून मावशींकडे गेले.

“मावशी, माझ्यासमोर अमीना मागवाल का? मी काही बोलणार नाही, नुसती बघीन.”

“अगं, मला हवीच आहे ती. परवा सूनबाईने आठ कूसे फोडले. मी काही बोलले नाही, फक्त मोजून दाखवले.” त्यांनी चष्मा लावला, साइट उघडली, व्हिडिओ बघून “हात बघ कसे, फावडी नुसती!” म्हणाल्या आणि ‘मला हवी’ दाबलं.

पुढचं पान उघडलं. वर मोठ्या अक्षरांत: ‘राहू द्या हो, आमच्याकडून!’ खाली नाव आणि फोन लिहायच्या चौकटी.

“नाही, नाही, अल्लाशपथ, असं कसं!” मावशी फोनला म्हणाल्या.

मग त्यांनी पान वर सरकवलं, खाली सरकवलं, पुन्हा वर. काहीतरी शोधत होत्या. सापडलं नाही. तोंड कसनुसं करून त्यांनी फोन पालथा ठेवला.

“काय झालं?”

“काय होणार? तो म्हणतोय फुकट घ्या, आणि मी खाली मुकाट्याने नाव लिहू? लाज नाही का मला? मी गुरुवारी दुकानातच जाईन.”

इथे मला माझी चूक कबूल करायला हवी. साइट बनवताना मामाने एकच अट घातली होती: आल्या गिऱ्हाइकाच्या तोंडावर आकडा फेकायचा नाही. आधी ‘राहू द्या, आमच्याकडून’ म्हणायचं, माणसाने नको म्हणायचं, पुन्हा आग्रह, पुन्हा नको, मग किंमत. म्हणून आम्ही ठरवलं होतं की पानावर आग्रह असेल आणि सात दिनार ही किंमत मामा नंतर फोनवर सांगेल. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पानं उघडायचे सेकंद मोजणाऱ्या मला हे दिसलं नाही, की आपण आग्रह केला पण समोरच्याला ‘नको’ म्हणायला जागाच ठेवली नाही. एकसष्ट सभ्य बायका दारात उभ्या राहून, अवघडून परत गेल्या होत्या.

मी धावतच दुकानात आले. “मामा, सरळ किंमत लिहू या. सात दिनार. संपलं.”

“म्हणजे औषधाच्या दुकानासारखं?” मामाने लेथ थांबवलं. “आलात, हे घ्या, हा आकडा, चालते व्हा? चौतीस वर्षांत मी कोणाशी असा वागलो नाही. लेथ गेलं तरी चालेल.”

“लेथ गेलं तर वागणार कुणाशी?”

यावर त्याने लेथ पुन्हा चालू केलं. चर्चा संपवायची त्याची ही पद्धत.

तेव्हा मी पान दुसऱ्या प्रकारे बदललं. आग्रह तसाच ठेवला, फक्त त्याखाली एक बटण दिलं: ‘नाही, अल्लाशपथ, किंमत सांगा.’ ते दाबलं की सात दिनार, मग नावाची चौकट. मामाने ते दाबून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“एकदाच? एकदा नाही म्हटल्यावर मी लगेच मान्य केलं? लोक म्हणतील, मनातून द्यायचंच नव्हतं याला.”

“मग किती वेळा? तीन?”

“छे! तिसऱ्यांदा आग्रह करणारा खरोखरच देत असतो. मग घेणाऱ्याने घ्यावं लागतं. दोनदा.”

“हे तुझं मत झालं, मामा. मोजून बघू या.”

मी साइट अशी लावली, की येणाऱ्यांपैकी कुणाला एक आग्रह दिसेल, कुणाला दोन, कुणाला तीन. कुणाला काय, ते नशिबावर. दीड दिवस थांबले. एका आग्रहावर बटण दाबणाऱ्या चाळिसांपैकी नऊ जणींनी मागवली; त्यातल्या एकीने निरोपही लिहिला, ‘अबू नायेल, इतक्यात दमलात?’ तीन आग्रहांवर एकोणचाळिसांपैकी सहा. दोन आग्रहांवर एक्केचाळिसांपैकी सतरा.

“नमुना लहान आहे,” मी म्हटलं, “पण दोन.”

“हे मी तुला फुकट सांगितलं होतं,” मामा म्हणाला. पण तो इतका खूश होता की त्याने मला चहाबरोबर दोन मामूल दिले आणि उरलेल्या लाकडाच्या मुठी कातायला बसला. जाणाऱ्या-येणाऱ्याला लेथवरून ओरडून सांगत होता, “माझी वेबसाइट आग्रह करते! जा, घरी जाऊन बघा!”

बत्तीस झाल्या. बुधवारी रात्री जेवायच्या आधी चव्वेचाळीस. गुरुवारी सकाळी मावशींनी सुनेसाठी एक आणि “तिच्यासमोर वापरायला” आपल्यासाठी एक मागवली. मग नमाजाच्या आधी आणखी तीन. बारा वाजता माझ्या पडद्यावर एकोणपन्नास होते आणि दारात पिकअप उभी होती.

हाजींनी सोबत दोर, जुनी गोधडी आणि एक दणकट भाचा आणला होता. मामाने कॉफी ओतली. 

“किती?” हाजींनी विचारलं.

“एकोणपन्नास,” मामा म्हणाला. मी अजून तासभर थांबा म्हणणार होते. मामाने नुसतं माझ्याकडे पाहिलं. बारापर्यंत म्हणजे बारापर्यंत.

हाजींनी कॉफी संपवली. बाकावर पडलेली अमीना उचलून कडी मागेपुढे सरकवली. “हिने बूड फुटत नाही?”

“शंभरात शून्य,” मी म्हटलं.

“आमच्या घरी एकवीस वर्षं गढूळ रस्सा खातोय मी. बोललो तर उपाशी राहीन.” त्यांनी खिशातून फोन काढला. “पोरी, ती वेबसाइट कुठे असते?”

मामा घाईने म्हणाला, “हाजी, ही इथलीच घेऊन जा की, राहू द्या...”

“अबू नायेल, गप्प बसा. मी यंत्राशी बोलतोय.” हाजींनी फोन हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, “राहू द्या हो, आमच्याकडून. नाही, अल्लाशपथ!” बोट दाबलं. “परत म्हणतोय! चिकट आहे तुमच्यासारखाच. नाही म्हटलं ना!” पुन्हा दाबलं. “हां, सात.” मग जीभ बाहेर काढून एकेक अक्षर लिहीत बसले: झरका, पाण्याच्या टाकीमागे, मिफ्लेह विचारा.

माझा पडदा हलला. पन्नास.

दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलेल्या भाच्याने विचारलं, “मग आता काय उचलायचं, हाजीमामा?”

“काही नाही. एक कोरणी. तीही पोस्टाने येणार.” हाजी हसत उठले. “पेट्रोल जाळून आलो, रिकाम्या पिकअपने जातो.”

मामा फळीकडे गेला. तिथे आजोबांच्या हातचा मामूलचा एक साचा होता, आठ पाकळ्यांचं फूल कोरलेला. तो पुसून त्याने हाजींपुढे धरला.

“राहू द्या हो, आमच्याकडून.”

“नाही, अल्लाशपथ, अबू नायेल.”

“राहू द्या म्हणतो ना.”

“नाही, नाही. किती ते सांगा.”

मी बोटांवर मोजत होते. दोन झाले होते. आता मामा आकडा सांगणार.

“राहू द्या, हाजी,” मामा तिसऱ्यांदा म्हणाला.

हाजी थांबले. मग त्यांनी साचा दोन्ही हातांनी घेतला, गोधडीत गुंडाळला आणि पिकअपमध्ये स्वतःशेजारी, सीटवर ठेवला.