ओळीच्या टोकाचं भूत

ऑफिसातल्या मशीनची शुद्धी करणारे गुरू आले म्हणून सगळं ऑफिस मीटिंगच्या खोलीत दाटीवाटीनं उभं होतं. पडद्यावर एका दाढेचा एक्स-रे दिसायला हवा होता, दिसत होती नुसती फुटकी चौकट. गुरूंनी डोळे मिटले, साहेबांच्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत फटाफट बटणं दाबली. चौकट गेली, दाढ आली. मागे कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या.

"फाइलीला बाधा होती," गुरू म्हणाले. "मी स्पंदनं सरळ केली. पण बाधा करणारा हात इथेच राहिला, तर माझा इलाज आठवडाभर टिकेल."

सगळ्यांच्या माना नवीकडे वळल्या. तिला रुजू होऊन दीड महिना झाला तरी ती नवीच होती. दवाखान्यांसाठी प्रोग्राम बनवणारं हे ऑफिस. सगळ्यांच्या फाइली एका सामायिक कोठारात जमा व्हायच्या आणि कुणी कोणती ओळ बदलली याची नोंद तिथे आपोआप व्हायची. नवीनं एक शब्द बदलला, तरी कोठार सांगायचं की हिनं आठशेच्या आठशे ओळी बदलल्या. तिनं पाठवलेलं चित्र तर हमखास मरायचं. "पांढऱ्या पायाची" हे तिनं पाणी भरताना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आणि बोलणारे सगळे इंजिनिअर, बरं का.

"माझा तुझ्यावर आकस नाही," साहेब म्हणाले. "पण उद्यापासून येऊ नकोस. मशीन जमा कर."

तिला रडू नाही आलं, संताप आला. नोकरी गेली तर दुसरी शोधता आली असती. पण हा शिक्का कपाळावर घेऊन ती कुठे जाणार होती?

"जाते," ती म्हणाली. "त्याआधी तासभर द्या. माझ्या पायांत काय आहे, ते मलाही बघू दे."

गुरू हसले. "श्रद्धा नसेल तिथे स्पंदनं प्रकट होत नाहीत, मुली."

"नका प्रकट करू. आम्ही फाइलीचं वजन करू."

तिनं साहेबांना दहा ओळींची फाइल लिहून कोठारात ठेवायला लावली. भरली एकशे वीस बाइट. ती कोठारातून आपल्या मशीनवर घेतली, एक अक्षरही न बदलता परत पाठवली. साहेबांनी पुन्हा वजन पाहिलं. एकशे दहा.

"दहा ओळी, दहा बाइट कमी," ती म्हणाली. "माझा पायगुण फार हिशेबी दिसतोय. तुमची मशीनं ओळ संपली की दोन अदृश्य खुणा टाकतात. माझी प्रणाली वेगळी, ती एकच टाकते. आणि माझ्याकडून फाइल जाताना दोनाची एक करायची, असं कुणीतरी सांगून ठेवलंय. मजकूर तसाच वाचता येतो, पण कोठाराला प्रत्येक ओळ बदललेली दिसते."

"आणि तुझ्याकडून गेलेली माझी चित्रं?" डिझाइनवाल्या ताईंनी विचारलं.

"चित्रात ओळी कुठल्या? तिथे त्या दोन खुणा शेजारीशेजारी आल्या, तर तो चित्राचाच भाग. त्यातली एक काढली की चित्र मेलं."

तिनं आपल्या मशीनमधली एक लपलेली फाइल पडद्यावर उघडली. त्यात एकच ओळ होती: सगळ्या फाइली मजकूर समजाव्यात. तारीख होती ती रुजू झाली त्या दिवसाची. "त्या दिवशी शुद्धीसाठी म्हणून हे मशीन माझ्याकडून कुणी नेलं होतं?"

सगळ्यांनी गुरूंकडे पाहिलं. गुरू म्हणाले, "तो संरक्षक मंत्र आहे."

"असेल. साहेब, तो तुमच्या मशीनवर घालू?"

साहेबांनी घुटमळत लॅपटॉप पुढे सरकवला. तिनं ती ओळ तिथे घातली. साहेबांनी स्वतःच्या हातांनी एक धडधाकट एक्स-रे कोठारात पाठवला. ताईंनी तो आपल्या मशीनवर उघडला. फुटकी चौकट.

"आता तुमचेही पाय पांढरे," नवी म्हणाली. कुणीतरी फिसकन हसलं, साहेब हसले नाहीत.

"मग मघाशी दाढ कशी आली?" त्यांनी विचारलं.

ताईंचा चेहरा उतरला होता. "मूळ चित्रं मीच देते त्यांना, पेनड्राइव्हवर. शुद्धीला लागतात म्हणाले होते."

गुरूंना अचानक दुसरीकडे जायचं आठवलं. त्यांना कुणी अडवलं नाही.

नवीनं दोन्ही मशीनवरचा मंत्र पुसला आणि कोठारातच सगळ्यांसाठी एक नियम लिहिला: मजकुराला ओळीच्या शेवटी एकच खूण, चित्राला हात लावायचा नाही. मग तिनं आपल्या मशीनवरून एक्स-रे पाठवला. तो सगळीकडे उघडला.

"झालं गेलं विसर," साहेब म्हणाले. "राहा तू."

"राहते, पण विसरणार नाही," ती म्हणाली. "दीड महिना तुम्ही माझे पाय बघितलेत, फाइल उघडून कुणी बघितली नाही. यापुढे काही बिघडलं, तर मोजा, पुन्हा घडवून बघा, पुरावा हातात घ्या आणि मग माणसाकडे बोट दाखवा. आणि मला जे मागून म्हणत होतात, ते आता तोंडावर परत घ्या. एकेकानं."

ताई पुढे आल्या. "मी म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

नवीनं मान हलवली आणि साहेबांकडे पाहत उभी राहिली.