पिवळ्या कापडाचा तागा

निम्मं शहर जळून गेलं होतं आणि जगाने धाडलेले निरीक्षक मोठ्या हॉटेलात मूग गिळून बसले होते. शिंपीणबाईच्या जमातीची माणसं घराघरांतून ओढून मारली जात होती. तिचा धाकटा भाऊही त्यातच गेला. आता पाळी तिच्या गल्लीची, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

ती हॉटेलात गेली. निरीक्षकांच्या गाड्यांवरची पिवळी निशाणं तिनेच शिवलेली, त्यामुळे दारावर कुणी अडवलं नाही. "साहेब, आमच्या गल्लीत चार शिपाई तरी उभे करा," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुसला. "बाई, यावर आम्हाला काही बोलता येत नाही. हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही."

कुणी काहीही विचारा, उत्तर हेच. या मंडळींनी बंदुका चालवल्या त्या एकदाच, त्याही स्वतःच्या गाडीची काच फुटली म्हणून!

संतापाने रडतच ती घरी आली. उंबऱ्यात पाऊल टाकलं आणि एकदम हसत सुटली.

"वहिनी, डोकं फिरलं का?" नणंद म्हणाली.

"वन्सं, पलंगाखालचा पिवळा तागा काढा. गल्लीत दारोदार निशाण लावायचं."

"आणि ही घरं तुमची का, असं त्या टोळीवाल्यांनी साहेबाला विचारलं तर?"

"विचारू देत की! तो माणूस सरळ 'नाही' म्हणेल असं वाटतं तुम्हाला?"

"आभाळ फाटलंय आणि ही बया ठिगळं लावतेय," असं पुटपुटत नणंदेने कात्री उचलली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी टोळी आली. दारोदार निशाणं बघून म्होरक्या थबकला. दयेबियेने नव्हे, त्या काचेपायी त्याचाच एक माणूस लंगडा झाला होता.

"हे घर निरीक्षकांचं?" त्याने शिंपीणबाईला दरडावलं.

"त्यांनाच विचारा." तिने ठणठणीत आवाजात सांगितलं.

त्याने फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा स्पीकरवर टाकला. "साहेब, या गल्लीतली घरं तुमची का?"

"यावर आम्हाला काही बोलता येत नाही."

"अहो, हो की नाही?"

"हो म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही."

"नुसतं 'नाही' म्हणा, आम्ही कामाला लागतो!"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. गल्लीने श्वास रोखला. मग साहेबांनी घसा खाकरला. "योग्य वेळी निवेदन काढू."

म्होरक्याने कचकचीत शिवी हासडली, फोन खिशात कोंबला आणि टोळी आल्या वाटेने परत गेली.

मग जो कल्ला उठला! नणंदेने वहिनीला कडकडून मिठी मारली, जन्मात पहिल्यांदाच. भाऊ काही परत येणार नव्हता, हे शिंपीणबाईला ठाऊक होतं. पण आज ती जिंकली होती, आणि तो आनंद तिला लपवायचाही नव्हता.

संध्याकाळी पलीकडच्या वस्तीतल्या बायका आल्या. पडदे, चादरी, पोरींचे फ्रॉक, घरात जे म्हणून पिवळं होतं ते घेऊन आल्या. "एवढ्यात भागेल का हो?" त्यांनी विचारलं.

"न भागायला काय झालं? या आत. सुई धरता येते त्या इकडे बसा, बाकीच्यांनी कापायला घ्या."

त्यानंतर आठवडाभर हॉटेलातला फोन खणखणत राहिला, आणि साहेब आपल्या शब्दाला जागले.