गुंजनला घातलेली शपथ

रविवारी संध्याकाळी लाखनीहून परत आली की गुंजन आधी पाय धुते, मग देवाजवळ वात लावते. सवय मीच लावलेली. त्या रविवारी तिनं काडी ओढली आणि उजेडात मला तिची नखं दिसली. दाहीच्या दाही गुलाबी, वर चांदीचे बारीक ठिपके.

"कोणी लावलं?"

"डिंपल मावशीनं. पहाय न आई, एक बी ठिपका वाकडा नाही."

खरंच नव्हता. तेच मला सोसलं नाही.

"मावशी?" माझी आई, मंदाबाई, तांदूळ निवडता निवडता ओसरीवरून बोलली. "मावशी म्हणजे मायची बहीण. मी त एकच पोरगी काढली बाप्पा. अन् डिंपल म्हणे! नाव हाय का बिस्कुटाचा पुडा?"

गुंजन खुदकन हसली. मी आईला हातानंच गप्प केलं. पोरीसमोर कोणाला नावं ठेवायची नाहीत, आवाज चढवायचा नाही, हा नियम माझाच. नेम मी पुष्कळ पाळते. सोमवार, एकादशी, रोजचा पोथीचा एक अध्याय. मन जळू नये असा नेम काही मला सापडला नाही.

अंकुशचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, लाखनीला हायवेवर ट्रकच्या सामानाचं दुकान आहे. दारू नाही, मारहाण नाही. आमच्यात बोलणंच उरलं नव्हतं. "तुझ्याजवळ देवासाठी टाइम आहे," तो म्हणायचा, "मले नंबर लावून बसा लागते." दोन वर्षांपूर्वी मी गुंजनला घेऊन अड्याळला माहेरी आले. डिंपलचं ब्यूटी पार्लर त्याच्या दुकानाला लागून. ती त्याच्या आयुष्यात आधी आली की मी निघाल्यावर, हे मी त्याला अकरा वेळा तरी विचारलं असेल. दरवेळी तो "नंतर" म्हणाला. मला एकदाही पटलं नाही.

घटस्फोट दोघांनाही मान्य होता. तो घ्यायचा कसा, हे मला ठाऊक नव्हतं. भंडाऱ्याला कोर्टातच बायांना सरकारकडून वकील मिळतो, असं आमच्या अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं. तशा मला करुणा मॅडम मिळाल्या. फी नाही. वयानं माझ्याहून लहान, पण बोलणं तडतड.

"म्युच्युअलचा, म्हणजे दोघांच्या राजीखुशीचा अर्ज टाकला की सहसा सहा महिने थांबा लागते, ताई," त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "मग दोघांनी पुन्हा येऊन सांगायचं, आमचं मन तेच आहे म्हणून. ते सोपं आहे. पोरीचा ताबा ही वेगळी गोष्ट. नवरा-बायको सुटतात, मायबाप नाही सुटत."

"पोरगी त मायचीच असते न, मॅडम?"

"पाच वर्षांच्या आतलं लेकरू बहुतेक मायजवळ राहते. तुमची आठाची आहे. जज तिले स्वतःच्या खोलीत बोलावून विचारतील. माय चांगली का बाप चांगला, हे कोर्ट नाही पाहत. पोरीचं भलं कशात आहे, ते पाहते."

ताबा अंकुशनंही मागितला होता. निकाल लागेपर्यंत कोर्टानं तात्पुरतं ठरवून दिलं होतं : गुंजन माझ्याकडे, दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार बापाकडे. आणि आता खोलीत बोलावण्याची तारीख लागली होती. मंगळवार.

"एक पक्कं ध्यानात ठेवा," मॅडम म्हणाल्या. "तिले शिकवून आणू नका. जजला पाच मिनिटांत समजते अन् मग तुमच्यावरच उलटते."

"मी कायले शिकवीन?" मी म्हटलं. तेव्हा ते खरं होतं.

सोमवारी आरती झाली. गुंजन प्रसादाचं खोबरं चावत विचारू लागली, "आई, उद्या जजबाईले काय काय सांगू? सायकलचं सांगू?"

"कोणत्या सायकलचं?"

"मले येते न आता! डिंपल मावशी मागून धरे, अन् मग तिनं सोडून देल्लं, मले समजलंच नाही."

सायकल मी घेऊन दिली होती, वाढदिवसाला. मला चालवता येत नाही म्हणून ती अंगणात उभी होती. माझे बाबा शेतातून आले की शिकवतील, असं मी सहा महिने म्हणत होते. आणि तिकडे त्या बाईनं दुसऱ्याच कुठल्या सायकलवर दोन रविवारांत पोरीला चाकांवर सोडलं होतं. पोर पडली नाही. पडली असती तर मला बरं वाटलं असतं, इतकं वाईट माझ्या मनात देवासमोर बसून आलं.

मी गुंजनचा हात उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"माझी शपथ आहे तुले. उद्या त्या खोलीत डिंपलचं नाव काढायचं नाही. लाखनीचं काहीच बोलायचं नाही."

तिचं चावणं थांबलं. "बोलली त तू मरशील?"

मी तिला खोबऱ्याचा आणखी एक तुकडा दिला. शिकवणं वेगळं आणि शपथ वेगळी, असं मी स्वतःला समजावत होते. खोटं बोल, असं तर मी सांगितलं नव्हतं.

"लेकराले शपथ घालत नसतात, रत्ना," आई मागून हळूच म्हणाली. मी पोथी उघडली. त्या दिवशीचा उपास मला मुळीच जाणवला नाही.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं आम्ही भंडाऱ्याला गेलो. गुंजन खिडकीला टेकून बसली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात अंकुश आधीच आला होता, इस्त्रीच्या शर्टात. डिंपलची इस्त्री, हे माझ्या मनात लगेच आलं. गुंजननं त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एरवी धावत जाते. त्याचा चेहरा पडलेला पाहून मला गोड वाटलं.

तिला आत नेलं. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. मग करुणा मॅडम तरातरा माझ्याकडे आल्या.

"काय केलं तुम्ही? पोरगी तोंडच उघडत नाही. शाळा कोणती, तेही सांगून नाही राहिली. नुसती रडते अन् एकच म्हणते, बोलली त आई मरते. जजबाईंनी तुम्हाला बोलावलं."

मी तिला लाखनीचं बोलू नको म्हटलं होतं. तिनं आणखी पुढे जाऊन सगळंच बंद केलं होतं. चुकून एक शब्द निसटला तर मी मरेन, म्हणून. नेम पाळायचा तर असा पूर्ण पाळायचा, हे तिला माझ्याशिवाय कोण शिकवणार?

न्यायाधीशबाई पन्नाशीच्या होत्या. गुंजन खुर्चीच्या टोकावर बसली होती. नाक लाल, दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले.

"तुम्ही हिला काही सांगितलंय?"

नाही म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? गुंजन बोलणार नव्हती, मेली तरी. पण मग ती आजच काय, कधीच बोलली नसती.

"हो," मी म्हटलं. "मी शपथ घातली. लाखनीचं बोलू नको म्हणून."

"मोठ्यानं बोला."

मी पुन्हा सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "याची नोंद आदेशात येईल. कळतंय ना तुम्हाला?"

"हो जी."

"मग सोडवा तिला त्यातून. ज्यानं घातली, त्यालाच सोडवता येते ना?"

आमच्याकडे तशीच रीत आहे. घालणाऱ्यानं तीनदा 'सुटली' म्हटल्याशिवाय शपथ उतरत नाही. मी गुंजनचा हात ओढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"सुटली. सुटली. सुटली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू आतमधून नाही म्हणत."

"म्हटलं न, बाई."

"नाही. देवाले ऐकू नाही गेलं."

माझा आवाज आयुष्यात कधी चढला नव्हता. लग्न मोडतानाही नाही. मी डोळे मिटले. सायकल दिसली, ती गुलाबी नखं दिसली, आणि त्या सगळ्यासकट मी ओरडले, "सुटली! सुटली! सुटली!"

दारातला शिपाई आत डोकावला. गुंजननं नाक पुसलं आणि न्यायाधीशबाईंकडे वळून म्हणाली, "मले सायकल येते."

मला बाहेर पाठवलं. बाकाच्या एका टोकाला अंकुश, दुसऱ्या टोकाला मी. आतून बोलणं ऐकू येत नव्हतं, पण एकदा गुंजन खळखळून हसली. त्या न्यायाधीशबाईंचाही मला हेवा वाटला.

आठ दिवसांनी आदेश झाला. गुंजन माझ्याकडेच राहणार. दोन शनिवार-रविवार आधीसारखेच, त्याशिवाय दिवाळीची आणि उन्हाळ्याची अर्धी सुट्टी बापाकडे. शपथेबद्दल चार ओळी होत्या, आणि आईनं ती आपणहून कबूल केली, असंही होतं. "आईजवळ झोपाचं अन् बाबाजवळ हुंदडाचं," असं गुंजननं खोलीत सांगितल्याचं मॅडमनी मला सांगितलं. डिंपलबद्दल काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. चारदा ओठांवर आलं.

आदेश घेऊन आम्ही निघालो, तेव्हा कोर्टाच्या गेटबाहेर रसाच्या गाडीजवळ एक बाई उभी होती. मी ओळखलं, हीच डिंपल. मला वाटलं होतं तशी ती गोरी नव्हती. रबरी चपला, हातात हेल्मेट. गुंजन तिच्याकडे धावली, अर्ध्यात थांबली आणि वळून माझ्याकडे बघू लागली. मी मानेनंच जा म्हटलं. मग गेली.

ती बाईच माझ्याकडे चालत आली. "ताई, राग मानू नका जी. दिवाळीत आठ-दहा दिवस राहील आता. हिचं खाण्यापिण्याचं काय काय असते, तुम्ही सांगता का? ह्यांले इचारलं त हे म्हणतात, सगळंच खाते."

"सगळं नाही खात," मी म्हटलं. "वांगं नाही. दुधात साय नको, गाळून द्या. एकादशीले हट्टानं उपास धरते, पण दुपारी चुपचाप खाऊ घाला, मी रागवत नाही. खोकला झाला की आंबट बंद."

तिनं मोबाइलमध्ये एकेक लिहून घेतलं. हळू लिहीत होती. मी थांबून थांबून सांगितलं.

"अन् झोपते कशी?" तिनं विचारलं. "शनिवारी लय वेळ तळमळते."

गुंजनच्या तळपायाला अंगठ्यानं गोल गोल चोळलं की ती पाच मिनिटांत झोपते. तान्ही होती तेव्हापासून.

"झोपते आपली," मी म्हटलं, आणि गुंजनचा हात धरून बसस्टँडकडे निघाले.